फाटकाअलीकडचं वर्तुळ

प्रिय तिरपे,

या नावाने तुला शेवटची हाक कधी ऐकू आली असेल कोण जाणे. अण्णांनीच ठेवलेलं नाव. शाळेचं मैदान मी कडेकडेने, कोपऱ्यावर नीट वळून ओलांडायचे आणि तू या कोपऱ्यातून थेट त्या कोपऱ्यात धूम ठोकायचीस, म्हणून मी काटकोनी आणि तू तिरपी. घरी नेहमी तूच आधी. मी रडत तक्रार घेऊन गेले की अण्णा म्हणायचे, अगं, तिने लबाडी नाही केली, भूमिती केली. त्या दिवसापासून माझा या विषयावर राग होता आणि आता बघ, तोच शिकवून पोट भरते आहे.

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू विचारतेस, ताई, कसं चाललंय? मी म्हणते, चाललंय. या एका शब्दावर आपण किती महिने ढकलले बघ. मी पुढचं सांगायला तोंड उघडते तोवर तुझी लेक तुझा पदर ओढते, नाहीतर तुझ्या ऑफिसातून कोणाचा तरी फोन येतो, आणि खरं सांगायचं तर मलाही सुटल्यासारखं होतं. कागद कसा, मधे बोलत नाही. आज सुट्टी आहे. मी पायरीवर बसून लिहिते आहे आणि समोर अंगणात अण्णा फेऱ्या मारताहेत. त्यांची सावली कागदावरून सरकते, जाते, थोड्या वेळाने परत येते. तेवढ्यापुरती मी लिहायची थांबते.

शाळेपासून सुरुवात करते, कारण सगळं तिथूनच आलं. माझ्याकडे चौथीचा वर्ग आहे हे तुला माहीत आहेच. चौथीतल्या पोराला फळ्यावर काटकोन काढून दाखवला की ते मान डोलावतं आणि तोच कोन जरा कलता काढला की म्हणतं, बाई, हा दुसरा काहीतरी आहे. ते चित्र पाठ करतं, कोन नाही. म्हणून मी अण्णांचीच, ते मास्तर असतानाची पद्धत उचलली. प्रत्येकाच्या हातात कसाही फाडलेला कागद द्यायचा. एकदा दुमडायचा, मग घडीवर घडी बसेल असा पुन्हा दुमडायचा. झाला काटकोन तयार. तो मुठीत धरून बाहेर पडायचं आणि काटकोन पकडून आणायचे. मुलांनी काय काय मोजलं सांगू? पायऱ्या, बाकं, नळाचा कट्टा, फाटकाच्या सळ्या. शेवटी शिपाईकाकांचा कोपर. ते बिचारे हात वाकवून उभे आणि पोरं एकेक करून कागद लावून बघताहेत. निकाल लागला, लघुकोन. मग आमचा भोंगा, म्हणजे ज्याला हळू बोलता येत नाही असा एक मुलगा आहे तो, मोठ्या बाईंच्या खोलीत शिरला आणि तिथून ओरडला, बाई, यांचा कोपरा विशालकोन आहे. मुख्याध्यापिकेच्या खोलीची भिंत वाकडी निघाली म्हणताना मला घाम फुटला, पण मोठ्या बाई हसून हसून खुर्चीत मागे पडल्या. त्या वाईट नाहीत. हे मी आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे तुला त्यांचा राग येईल.

वर्तुळाचा धडा तुला आठवतोच, आपण दोघी त्यातूनच गेलोय. मैदानाच्या मधे खुंटी ठोकायची, तिला दोर, दोराच्या दुसऱ्या टोकाला काठी, आणि काठीने माती ओरखडत फिरायचं. दोर ताणलेला राहिला तर वर्तुळ आपोआप होतं. कोणी जरा आत सरकलं की बटाटा. दोर ढिला, गोल गेला, हे अण्णांचं म्हणणं आता माझी मुलं एका सुरात म्हणतात. मी एक बदल केला, खुंटीच्या जागी एका मुलाला उभं करते. परवापरवापर्यंत ही पाळी एका चिमुरडीकडे यायची, सगळे तिला चिमणी म्हणतात. एकदा ती रुसली. सगळे फिरतात, मी एकटीच उभी, मी कशाला मधे? झाडाखाली बसलेले अण्णा म्हणाले, तू हललीस तर सगळ्यांचं बिघडेल ना बाळा. चिमणीला ते एकदम पटलं, ती छाती काढून उभी राहिली. मला मात्र ते कुठेतरी लागलं. तू धूम ठोकलीस, आई गेली, आणि घरात एक माणूस न हलता उभं राहायला हवं होतं. पण हे मी तुला टोचायला लिहीत नाही. तिथे मी राहिले कारण मला राहायचं होतं, निदान तेव्हा तरी.

अण्णा शाळेत काय करत होते, हे तुला मी कधी सांगितलंच नाही. गेल्या वर्षी ते दाढीचं ब्लेड आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि आलेच नाहीत. सापडले जुन्या घरापाशी, जे विकून आपल्याला वर्षं झाली. तिथे आता राहणाऱ्या बाईंना सांगत होते, तुम्ही माझ्या घरात का राहता, बाहेर व्हा. तुला मी सांगितलं, अण्णा हल्ली जरा विसरतात. जरा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, याने थांबेल असं समजू नका, उतार जरा कमी होईल इतकंच. घरी एकटं ठेवायची सोय नाही, म्हणून मी मोठ्या बाईंना विचारलं आणि त्यांना शाळेत नेऊ लागले. आणि तिरपे, ते दिवस इतके चांगले गेले. सकाळी स्वतःच्या मुलीचं नाव ज्यांना शोधावं लागायचं, त्यांना मैदानावर व्यास, परीघ, त्रिज्या सगळं जिभेवर. मुलं त्यांना गोलआजोबा म्हणायची. एखाद्याचं वर्तुळ बरोबर मिटलं, जिथून काठी निघाली तिथेच येऊन टेकली, की आजोबा टाळी वाजवायचे आणि ते पोर दिवसभर फुगून फिरायचं. मला वाटायला लागलं, मैदानावर आजार आत येत नाही. माणूस आशेला किती लवकर भुलतं.

मग रेषेचा धडा आला. खाली पायांकडे बघत चाललं की ओळ नागमोडी होते, लांबची एक खूण धरून तिच्यावरची नजर न हलवता चाललं की सरळ जाते, हे मुलांना चालून दाखवायचं असतं. पुढच्याच्या हातात पांढऱ्या फक्कीचा डबा, तळाला भोक, म्हणजे मागे आपोआप रेघ पडते. मी खूण दिली होती मैदानाच्या टोकाचा खांब. तेवढ्यात एका मुलीच्या नाकातून रक्त यायला लागलं, मी तिला घेऊन नळाकडे गेले. अण्णा आहेत ना, म्हणून गेले. परत आले तर मैदान रिकामं. एक पांढरी रेघ खांबाच्या शेजारून पुढे गेलेली, आणि ती उघड्या फाटकातून बाहेर.

मी त्या रेघेवरून धावले. अशी रेघ मी आयुष्यात काढली नाही ग, इतकी सरळ. रस्त्यापाशी ती तशीच पुढे गेली होती, आणि रस्त्याच्या मधोमध चाकाच्या खुणेने फिसकटली होती. एक ट्रक आडवा थांबला होता. ड्रायव्हर खाली उतरून फूटपाथवर बसला होता, त्याचे हात थरथरत होते, त्याने पलीकडे बोट दाखवलं. पलीकडे रेघ पुन्हा सुरू. कोणाच्या तरी अंगणातून, वाळत घातलेल्या कपड्यांखालून, एका पडक्या कुंपणातून. मग फक्की संपली असावी. मुलं सापडली टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीच्या जाळीपाशी, सगळीच्या सगळी, एकामागे एक, रांग न मोडता. टाकी ही खूण अण्णांनी दिली होती. खांब त्यांना जवळ वाटला. मला बघून भोंगा ओरडला, बाई, आम्ही एकदासुद्धा वाकडे गेलो नाही. मी ओरडले, थांबला का नाहीत, रस्ता दिसला नाही? तर चिमणी अगदी समजुतीने म्हणाली, आजोबा म्हणाले ही रेषा आहे, रेषाखंड नाही, रेषेला टोक नसतं. मीच शिकवलं होतं ते. त्याच आठवड्यात, फळ्यावर, दोन्हीकडे बाण काढून. आणि अण्णा जाळीला धरून उभे होते, धापा टाकत, खूश. मला म्हणाले, बाई, छान आहेत हो मुलं, कोणत्या शाळेची?

कोणाला खरचटलंसुद्धा नाही. पण त्या ड्रायव्हरचे हात मला अजून दिसतात. मोठ्या बाईंनी आधी मला पाणी दिलं, मग दार लावून म्हणाल्या, मला दुसरं काही करता येत नाही ग, तूच सांग काय करू. पालक आले, काही ओरडले, काही नुसतेच रडले, ते जास्त जड गेलं. अण्णांनी आवारात यायचं नाही, हे ठरलं. आणि वर्ग मैदानावर न्यायचा नाही, कोणीच, कोणत्याच विषयाला, हेही ठरलं. आता चौथी कंपासपेटी उघडून वहीत वर्तुळं काढते. कंपासचं टोक पानातून आरपार जातं, मागच्या पानावरचं शुद्धलेखन फाटतं. काटकोन पुस्तकाच्या पानावर छापलेला आहे. मुलं चुकत नाहीत, पण विचारतही काही नाहीत. खुंटी आणि दोर मी घरी आणून ठेवला, शाळेच्या कपाटात उंदीर कुरतडतील म्हणून.

अण्णांसाठी मग बाई ठेवली. तू म्हणालीस ना, ताई, कोणीतरी ठेव, सोपं आहे. उंटावरून शेळ्या हाकणं तुला छान जमतं, राग मानू नकोस. पहिली एका आठवड्यात गेली, कारण अण्णा तिला चोर समजून भांडायचे. दुसरी तर दुपारी दार लोटून झोपायची, आणि एकदा अण्णा तिच्या देखतच फाटकाबाहेर गेले, ती म्हणाली, मला वाटलं फिरायला चाललेत. तिसरी मिळाली नाही. म्हणून मी त्यांना आत ठेवून बाहेरून कुलूप लावलं. शाळेतून आले तेव्हा शेजारीण माझ्या पायरीवर बसून दारातून त्यांच्याशी बोलत होती. त्यांनी दार ठोकून ठोकून हाताची सालटी काढून घेतली होती. कोंडलंय हे कळत होतं, कोणी आणि का ते आठवत नव्हतं. सारखे विचारत होते, माझं काय चुकलं? औषध लावताना मला म्हणाले, तुम्ही सुटका केलीत, देव तुमचं भलं करो. मी हात टेकले ग. मी एवढी काटेकोर बाई, पोरांच्या चपला रांगेत लावून घेणारी, मला पुढची पायरी दिसेना.

त्यानंतरच्या सकाळी त्यांचं डोकं अगदी स्वच्छ होतं. अशा सकाळी अजून येतात, मधूनच. मी आत डबा भरत होते, बाहेर ठोकल्याचा आवाज. जाऊन बघते तर अण्णांनी अंगणाच्या मधे खुंटी रोवलेली, शाळेतलीच. दोराचं एक टोक तिला, दुसरं स्वतःच्या कमरेला. मी काही बोलायच्या आत त्यांनी मला चालून दाखवलं. एकीकडे नळापर्यंत पोचतात. दुसरीकडे पायरीपर्यंत, जिथे मी डबा झाकून ठेवू शकते. मागे अंगणातल्या संडासाच्या दारापर्यंत. दुपारची सावली पडते ती खुर्चीही आत. मग ते फाटकाकडे गेले, दोर ताणला, हात लांब केला, पूर्ण लांब, बोटं ताणून. कडीला एक वीत कमी पडली. माझ्याकडे वळून म्हणाले, बघ, पोचत नाही. आणि टाळी वाजवली, पोराचं वर्तुळ मिटल्यावर वाजवायचे तशी.

मी ओरडले, रडले, तुम्ही काय जनावर आहात का, म्हटलं. गाठ सोडायला गेले तर माझा हात धरला. म्हणाले, कोंडलंस तर मला भीती वाटते. मोकळा सोडलास तर एक दिवस मी कोणाचं तरी पोर ट्रकखाली घालीन. त्यांना आठवत होतं, तिरपे. ट्रक आठवत होता. इतके दिवस मला वाटत होतं, निदान तेवढं तरी ते विसरले. म्हणाले, याच्यात मला आभाळ दिसतं, ही त्रिज्या मला पुरते. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते खोटं नाही. मी तशीच शाळेत गेले. दिवसभर फळ्याकडे पाठ करायची भीती वाटत होती, मुलं चेहरा बघतील म्हणून. संध्याकाळी आले तर अण्णा शांत होते. जेवले होते, मातीत चालून चालून एक गोल उमटला होता, दोर कुठेच ढिला पडला नसावा. त्या रात्री ते झोपेत ओरडले नाहीत, कितीतरी दिवसांनी.

तेव्हापासून असंच चाललं होतं. सकाळी ते स्वतः दोर बांधायचे, डोकं धूसर असेल तेव्हाही सवयीने, आणि मी पाठमोरी डबा भरायचे. मी स्वतःला समजावलं होतं, हे त्यांनी ठरवलं, त्यांच्या हाताने केलं, शुद्धीत केलं, मी फक्त सोडवते, संध्याकाळी. शेजारीण मधून डोकावते. हल्ली ती माझ्याशी बोलताना फाटकाच्या आत येत नाही. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, वृद्धाश्रमात ठेवा, आणि ज्याचा पत्ता दिला तिथे मी जाऊन आले. स्वच्छ आहे. तिथे सगळ्या दारांना बाहेरून कड्या आहेत.

आता हे पत्र कशासाठी ते सांगते. आज सुट्टी. मी घरीच आहे, आज दोराची गरजच नव्हती. मी मुद्दाम तो खाटेखाली सारून ठेवला होता. उजाडल्यावर अण्णांनी तो शोधून काढला आणि अंगणात उभे राहिले. बराच वेळ उभे होते. मी जाऊन पाहिलं तर दोराचं टोक हातात, ते कमरेभोवती नेतात, पुढे आणतात आणि तिथे थांबतात. गाठ कशी मारायची ते गेलं होतं. आपल्या दोघींना ज्यांनी बुटांची नाडी बांधायला शिकवली, त्यांना. मी म्हटलं, अण्णा, राहू दे आज, मी आहे. त्यांना ते कळलं नाही. सारखे फाटकाकडे बघायला लागले, जणू तिथून कोणी त्यांना ओढून नेणार आहे. मग त्यांनी दोर माझ्या हातात दिला आणि दोन्ही हात वर करून उभे राहिले, तुझी लेक फ्रॉक घालून घ्यायला उभी राहते तसे, डोळे मिटून. आणि मी बांधला, तिरपे. माझ्या हाताने. गाठ घट्ट बसली का म्हणून बोट घालून बघितलं. ते लगेच चालायला लागले, अजून चालताहेत, ही बघ सावली आली. आता मी सोडायला गेले तर घाबरतात आणि नाही सोडला तर मी बापाला बांधणारी पोरगी आहे. तू आलीस म्हणून हे बदलणार नाही, ते मला कळतं. तू उपाय आणू नकोस, पत्ते आणू नकोस. उद्या सकाळी ते पुन्हा हात वर करून उभे राहतील, तेव्हा अंगणात माझ्या शेजारी दुसरं कोणीतरी हवं. नेहमी आधी पोचायचीस. कडेकडेने येऊ नकोस, तिरपीच ये.

तुझीच,
काटकोनी ताई